मधल्याच्या सहा खुर्च्या

त्या घरात त्याला नावाने कोणी हाक मारतच नसे. आधी थोरला, मग हा, मग बहीण. म्हणून हा मधला. शेजारीपाजारीही मधलाच म्हणत. बायकोसुद्धा माहेरी फोनवर बोलताना "आमचे मधले आज उशिरा येणार" असं बोलून जायची आणि मग स्वतःच हसायची. मधल्या माणसावाचून कोणाचं अडत नाही, पण त्याला कोणी मोकळंही सोडत नाही. पाहुण्यांना आणायला मधला, बाबांना डॉक्टरकडे न्यायला मधला, विहिरीवरची मोटर बंद पडली की मधला. हा कुरकुर न करता जायचा. मला विचाराल तर अधूनमधून थोडी कुरकुर केली असती तर त्याचं भलं झालं असतं.

नोकरी वजनकाट्यावर होती. गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागून एक पत्र्याची केबिन आणि तिच्यासमोर जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी काटा. ट्रक यायचा, काट्यावर उभा राहायचा, आकडा स्थिर झाला की मधला चिठ्ठी फाडून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. भरलेले यायचे, रिकामे जायचे. रिकामे यायचे, भरलेले जायचे. हे असं अठरा वर्षं. दोन ट्रकांच्या मधल्या वेळात दुसरा कोणी असता तर डुलक्या काढल्या असत्या. मधला फोनवर सुतारकामाचे व्हिडिओ बघायचा. कुठल्यातरी दूरच्या देशातला दाढीवाला माणूस रंधा मारायचा, लाकडाचे पातळ छिलपे वळत बाहेर पडायचे, आणि केबिनमध्ये बसून मधल्याचे हात शिवशिवायचे.

घराच्या मागे, विहिरीच्या पलीकडे, जुना गोठा होता. गुरं विकून बारा वर्षं झाली होती. मधल्याने एका सुट्टीत गव्हाणी उचकटून काढल्या, फरशी घासून धुतली आणि पश्चिमेच्या खिडकीखाली स्वतःच्या हाताने कामाचं टेबल ठोकलं. हवा दमट झाली की फरशीतून अजून गुरांचा वास यायचा, पण त्याला तो आवडायचा. एका म्हाताऱ्या सुताराने काम सोडलं तेव्हा त्याच्याकडून करवत, दोन रंधे, चार पटाश्या आणि काटकोन बघायचा एक गुण्या मिळाला. आणि माळ्यावर तर खजिनाच होता. विहिरीजवळचं तुतीचं मोठं झाड वादळात पडलं होतं, तेव्हा बाबांनी त्याच्या फळ्या कापून आणून माळ्यावर रचून ठेवल्या होत्या. दहा वर्षांत त्या हाडासारख्या वाळल्या होत्या.

पहिलं स्टूल डुगडुगलं. बायको त्याच्यावर बसली आणि म्हणाली, "अहो, छान आहे, झोपाळ्याचा खर्च वाचला." दुसरं डुगडुगलं नाही. मग घरादाराने त्याला धरलंच. वहिनींना स्वयंपाकघरात फळी हवी होती, बहिणीला आरशाची चौकट हवी होती, शेजारणीला उंदीर शिरणार नाही असं धान्याचं कपाट हवं होतं. "घरचंच तर काम आहे," असं म्हणून जो तो माप सांगून जायचा. मधला करून द्यायचा. लोक म्हणायचे, हात चांगला आहे हो. त्यापलीकडे काही द्यायचं कोणाला सुचलं नाही, आणि मागायचं ह्याला सुचलं नाही.

असंच चाललं असतं, पण एके दिवशी थोरल्याने त्याला अंगणात थांबवलं.

"रंगवाला पुन्हा विचारत होता," थोरला म्हणाला. बाजारात रंगाच्या डब्यांचं मोठं दुकान होतं, त्याचा मालक म्हणजे रंगवाला. "गोदामाला जागा हवी आहे त्याला. गोठा भाड्याने द्या म्हणतो."

"आणि मी कुठे जाऊ?"

"तू कुठे जातोस म्हणजे? घरातच आहेस की. हे बघ, माझा काही तुझ्यावर राग नाही. पण छप्पर गळतंय, बाबांच्या खोलीत बादली ठेवावी लागते. तू तिथे दर रविवारी भुसा पाडतोस, त्यातून घराला काय मिळतं सांग."

थोरला वाईट माणूस नव्हता. तेच तर अवघड असतं. वाईट माणसाशी भांडता येतं.

"दादा, मला थोडा वेळ दे," मधला म्हणाला. "मी खरा धंदा सुरू करतो. बाहेरच्यांसाठी."

थोरल्याने त्याच्याकडे नीट बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मधल्याने काहीतरी मागितलं होतं, आणि ते बहुतेक दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. "चार महिने," थोरला म्हणाला. "चार महिन्यांत एक जरी दुकान तुझा माल घ्यायला लागलं, तर मी रंगवाल्याला कायमचं नाही सांगतो. नाहीतर गोठा तूच रिकामा करून द्यायचा. मग तोंड पाडून बसायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी मधला एक छोटं चौरंगासारखं टेबल बगलेत मारून बाजारातल्या फर्निचरच्या दुकानात गेला. दुकानदार सुकड्या अंगाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने टेबल उलटं केलं, सांध्यांवरून नख फिरवलं, खालच्या बाजूलाही पॉलिश आहे हे बघून मान हलवली.

"काम स्वच्छ आहे," तो म्हणाला. "पण छोटी टेबलं पडून राहतात. मला जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या हव्यात. साध्या, पण बसल्यावर उठावंसं वाटू नये अशा. सहा आणा. सहाच्या सहा एकसारख्या. त्या बघून पुढचं बोलू, मिस्त्री."

मिस्त्री! काट्यावर त्याला लोक 'ओ काटेवाले' म्हणत. घरी तो मधला. मिस्त्री त्याला कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दाने त्याची छाती अशी फुगली की उंची किती, रुंदी किती हे विचारायचं त्याच्या तोंडावर आलेलं तसंच राहिलं. आता मिस्त्री म्हणवून घ्यायचं आणि खुर्ची केवढी असते म्हणून विचारायचं, हे काही बरं दिसत नव्हतं.

आणि विचारायची गरज तरी काय होती? घरात खुर्ची होतीच. जेवणाच्या टेबलाशी जी जुनी लाकडी खुर्ची होती, ती बाबांच्या लग्नातल्या चार खुर्च्यांपैकी शेवटची उरलेली. बाकीच्या मोडल्या आणि त्यांच्या जागी स्टुलं आली. त्या एका खुर्चीवर कोणी बसायचं यावरून घरात रोज रुसवेफुगवे व्हायचे. एवढी आरामाची खुर्ची अख्ख्या गावात नसेल, यावर घरात कोणाचं दुमत नव्हतं. मधल्याने ती गोठ्यात नेली, आडवी केली आणि पुठ्ठ्यावर तिच्या एकेका भागाचा साचा काढला. पाय, पाठ, बैठक, पाठीचा कल. काट्यावरचा माणूस तो. सुताभराचा फरक त्याला खपत नसे. प्रत्येक माप तीनदा घेतलं. तिन्ही वेळा तेच आलं.

मग साडेतीन महिने त्या घराने मधल्याला दिवसाउजेडी फारसं बघितलं नाही. ड्यूटी सकाळची असली की दुपारपासून गोठ्यात, दुपारची असली की पहाटे उठून गोठ्यात. चोवीस पाय, सगळे हाताने रंधलेले. तुतीचं लाकूड कापल्यावर आत पिवळंधमक निघायचं आणि आठवड्याभरात मधासारखं व्हायचं. बायको घासायच्या कागदाने पाय घासायला बसायची. तिच्या बोटांची सालं निघाली, मग तिने बोटांना पट्ट्या बांधल्या आणि पुन्हा बसली. "तुमचे दादा चार महिने म्हणाले, तर साडेतीनमध्ये देऊ," ती म्हणायची. थोरला विहिरीवर यायचा, गोठ्याच्या दारातून डोकावायचा आणि जायचा. एकदा मात्र म्हणाला, "जमतंय की रे तुला." मधल्याने ते बायकोला तीनदा सांगितलं.

सहा खुर्च्या झाल्या, तेव्हा त्या घरातल्या टेबलाभोवती मांडल्या. सगळे बसले. बाबा, थोरला, वहिनी, बायको आणि मधला. बाबांनी दोन्ही हात खुर्चीच्या कडेवरून फिरवले. "पाय कसे छान टेकतात," ते म्हणाले. कोणाला काही वावगं वाटलं नाही. माळ्यावर फळीचा एक तुकडाही उरला नव्हता, पण आता त्याची काय फिकीर? दुकान माल घेणार, मग लाकूडही विकत आणता येणार होतं.

टेम्पोतून खुर्च्या दुकानात उतरल्या. दुकानदाराने चष्मा खाली घेतला. सांधे बघितले, पाठ बघितली, एक खुर्ची उचलून जमिनीवर दोनदा आपटली. "वा," तो म्हणाला. "वा, मिस्त्री." मग त्याने एक खुर्ची दुकानातल्या मोठ्या टेबलाशी सरकवली आणि बसला.

बसला तो खाली गेला. टेबलाची कड त्याच्या छातीला लागली आणि गुडघे वर आले. त्याने हात टेबलावर ठेवून बघितले, तेव्हा कोपर कानाकडे चालल्यासारखे दिसायला लागले. तो उठला, दुसऱ्या खुर्चीवर बसला. तेच. तिसरीवर बसायच्या आधी त्याने खिशातून टेप काढली.

"जमिनीपासून साडेपंधरा इंच," तो म्हणाला.

"किती हवी?" मधल्याने विचारलं. हा प्रश्न त्याने साडेतीन महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता.

"अठरा. सगळीकडे अठराच असते. तुम्ही माप कुठून घेतलंत?"

"घरच्या खुर्चीवरून."

दुकानात पिशवी घेऊन एक बाई कपाट बघत होत्या. दुकानदाराने त्यांना विनंती करून बसवलं. त्या बसल्या, टेबलाकडे बघितलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "लहान मुलांसाठी आहे का हो ही?"

"मुलांना उंच होईल," दुकानदार हळूच म्हणाला. "आणि मोठ्यांना बुटकी."

दुकानदाराने चारही बाजूंनी विचार करून बघितला, एवढं मात्र खरं. त्याने पायांखाली लाकडाचे ठोकळे धरून बघितले. ठोकळे लावलेली खुर्ची बूट घातलेल्या मांजरासारखी दिसत होती. "अडीच इंच जास्त असत्या तर इथेच अर्ध्या तासात कापून घेतल्या असत्या," तो म्हणाला. "कमी पडलं की काही करता येत नाही. काम फार सुंदर आहे हो तुमचं. म्हणूनच वाईट वाटतं. पुन्हा सहा करून आणा, मी घेतो."

"किती दिवसांत आणू?"

"दोन-तीन महिन्यांत आणलंत तरी चालेल."

हातात चौदा दिवस होते आणि माळा रिकामा होता.

टेम्पो परत अंगणात आला तेव्हा घरात फक्त बायको आणि बाबा होते. मधल्याने टेप घेतली आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन जुनी खुर्ची मोजली. साडेपंधरा. मग टेबल मोजलं. तेही दुकानातल्या टेबलापेक्षा अडीच इंचांनी कमी होतं. तो खाली वाकला आणि टेबलाच्या पायांची टोकं बघितली. चाळीस वर्षं फडक्याने पुसल्या गेलेल्या त्या पायांच्या तळाला करवतीच्या रेघा होत्या. खुर्चीच्याही.

बायको दारात उभी होती. ती ह्या घरातल्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. मधल्याने तिला दुकानात काय झालं ते सांगितलं. ती खाली बसली.

"लग्न होऊन आले त्या पहिल्याच दिवशी माझे गुडघे आपटले होते या टेबलाला," ती म्हणाली. "मला वाटलं, मीच चुकीची बसते. मग सवय झाली."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगणार? तुमच्या घराचं टेबल बुटकं आहे म्हणून? नवी सून मी."

बाबा आतल्या खोलीतून भिंत धरत आले. खुर्च्या परत आलेल्या बघून त्यांना आनंदच झाला. विकायला नेल्या होत्या हे त्यांना सांगितलं होतं, पण त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. मधल्याने विचारलं, "बाबा, ह्या जुन्या खुर्चीचे पाय कोणी कापले?"

"मीच कापले," बाबा म्हणाले. अभिमानाने म्हणाले. "तुझी आई बसली की तिचे पाय लोंबकळायचे. भाजी निवडायला बसायची, तासाभराने पायांना मुंग्या यायच्या. बोलायची नाही कधी, उठताना धरून उठायची तेवढंच. मग एक दिवस ती बाहेर गेलेली बघून मी चारही खुर्च्यांचे पाय कापले. संध्याकाळी जेवायला बसलो तर टेबल गळ्यापर्यंत! मग दुसऱ्या दिवशी टेबलही कापलं." ते हसले आणि हसता हसता खोकले. "एवढी हसली होती ती. तू रांगत होतास तेव्हा. ह्या खुर्च्याही अगदी तिच्या मापाच्या केल्यास बघ. मी बसलो तेव्हाच कळलं मला."

मधल्याला ओरडावंसं वाटलं. कोणावर ओरडायचं? बाबांवर, आईचे पाय टेकावेत म्हणून करवत हातात घेतली म्हणून? गेलेल्या आईवर, बुटकी होती म्हणून? बायकोवर, सोसलं म्हणून? चूक शोधायला गेलं तर जिकडेतिकडे माया निघत होती, आणि गोठा तर हातचा जात होता. त्याने बाबांना पाणी दिलं. "हो, तिच्याच मापाच्या केल्या," तो म्हणाला.

पुढचे दहा-बारा दिवस माणूस बुडताना हातपाय मारतो तसे त्याने मारले. एका खुर्चीच्या पायांना खालून तुकडे जोडले. बसल्याबरोबर एक पाय निसटला आणि वहिनी पडता पडता वाचल्या. शाळेत विचारलं, त्यांनी बाक असतात म्हणून सांगितलं. बायकोने दवाखान्यात विचारलं, तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि पुसायला सोप्या होत्या. शेवटी तो थोरल्याकडे गेला.

थोरला ओट्यावर त्याच सहांपैकी एका खुर्चीवर बसला होता. "मला तर अजूनही समजत नाही, ह्यात वाईट काय आहे," तो म्हणाला. "किती आरामाची आहे."

"दादा, दुकानदार पुन्हा आणा म्हणालाय. तीन महिने दे. लाकूड मी बघतो कुठूनतरी."

थोरल्याने मान खाली घातली. "चार महिने मी त्या माणसाला थोपवून धरलं. तुझ्यासाठी धरलं. मागच्या आठवड्यात तो म्हणाला, आता दुसरीकडे बघतो. मी काय करणार होतो? बाबांच्या अंथरुणावर पाणी पडतंय रे. मी हो म्हणून आलो."

"मागच्या आठवड्यात?"

"तुझे दिवस संपल्यावरच देणार आहे. शब्द मोडलेला नाही मी."

खरंच मोडला नव्हता. मधला म्हणाला, "बरं."

मला त्या 'बरं'चा फार राग येतो. पण दुसरं तो काय म्हणणार होता, हे मलाही सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी नवरा-बायकोने मिळून गोठा रिकामा केला. रंधे तेल लावून फडक्यात बांधले. पटाश्या जुन्या मोज्यात घातल्या. कामाचं टेबल दारातून बाहेर निघेना, कारण ते आतच ठोकलेलं होतं; तेव्हा मधल्याने ते सुटं करून त्याच्या फळ्या घराच्या भिंतीला लावून ठेवल्या. बायको भुसा झाडत होती. कोपऱ्यात साठलेला पिवळा भुसा तिने सुपात भरला, टाकायला म्हणून दारापर्यंत गेली, आणि सूप हातात धरून तशीच रडली. मधल्याने तिच्या हातातून सूप घेतलं.

सहा खुर्च्या घरातच राहिल्या. आता जेवताना कोणाचे रुसवेफुगवे होत नाहीत. ज्याला त्याला खुर्ची आहे. छप्पर दुरुस्त झालं, बाबांच्या खोलीतली बादली गेली. हे सगळं चांगलंच झालं आणि मधला ते नाकारत नाही. फक्त रविवारी दुपारी तो अंगणात येतो, विहिरीपर्यंत जातो आणि काहीतरी विसरल्यासारखा परत फिरतो.

महिन्याने, एका सकाळी, काट्यावर एक ट्रक येऊन उभा राहिला. ताडपत्रीखाली रंगाचे डबे खच्चून भरले होते. मधल्याने आकडा स्थिर होईपर्यंत वाट बघितली, वजन टिपलं, चिठ्ठी फाडून खिडकीतून ड्रायव्हरला दिली. ड्रायव्हर नवा होता. त्याने चिठ्ठीबरोबरच एक कागद पुढे केला.

"ओ काटेवाले, हा पत्ता कुठे आला? गोदाम आहे म्हणतात, पण पाटी नाही."

मधल्याने कागद वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला, जरी पहिल्यांदाच सगळं कळलं होतं.

"सरळ जा," तो म्हणाला. "दुसरं वळण डावीकडे. फाटक उघडंच असतं. घराच्या पुढून नका जाऊ, म्हातारे झोपलेले असतात. विहिरीला वळसा घालून मागे घ्या."

"आणि दार?"

"दार जरा खालून उचलून ढकला," मधला म्हणाला. "नुसतं ढकललंत तर अडतं."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मागे दुसरा ट्रक हॉर्न देत होता.